निवृत्तीची रक्कम आणि आरोग्यविमा (बडोदा) : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खासगी कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो. मी ६०, पत्नी ५७. मांजलपूरला स्वतःचा फ्लॅट, कर्ज नाही. मुलं पुण्यात आणि बंगळुरूला. पैसे पाठवू म्हणतात, पण त्यांचेच घराचे हप्ते चालू आहेत, त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत.

पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ४२ लाख आलेत. ईपीएसचं (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन किराण्यालाही पुरत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख टाकतोय, व्याज दर तिमाहीला येईल. शेअर, म्युच्युअल फंड कृपया सुचवू नका, त्या वाटेला जायचं नाही.

खरा घोर विम्याचा. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतोय आणि पत्नीला मधुमेह आहे. सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड सत्तरीनंतरच. नवीन पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं हे वाचलंय, एजंट मात्र नवीनच घ्या म्हणतो.

असं समूहातून वैयक्तिक पॉलिसीत कोणी गेलंय का? थांबण्याच्या मुदतीत समूह विम्याची आधीची वर्षं धरली का, अर्ज किती दिवस आधी दिलात? आणि उरलेल्या १२ लाखांतले आजारपणासाठी किती मोकळे ठेवावेत?

आणखी एक. घर रिकामं झाल्यापासून पत्नी फार गप्प असते. मांजलपूर किंवा दांडिया बाजाराकडे दुपारी भरणारं मराठी भजनी मंडळ कुणाला माहीत आहे का?