विमान तिकिटाचे उरलेले पैसे: माझे की माझ्या नावाचे?

खिडकीची_जागा (पुणे)
गेल्या वर्षी दिल्लीचं तिकीट काढलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वडील बाथरूममध्ये घसरले, जाणं रद्द. रद्दीचे पैसे कापून उरलेले ६,८४० रुपये कंपनीने 'क्रेडिट शेल'मध्ये टाकले, म्हणजे त्याच कंपनीचं पुढचं तिकीट काढायला जमा ठेवले, मुदत वर्षाची. आता १८ दिवस उरलेत आणि भाच्याला मुलाखतीसाठी दिल्लीला जायचंय. म्हटलं, त्यातूनच त्याचं काढू. तर म्हणे ज्याच्या नावाचं क्रेडिट, त्यानेच उडायचं. तिकीट नावावर असतं, मान्य. पण ते तिकीट केव्हाच मेलं, मागे उरले ते पैसे. पैशाला आडनाव कधीपासून लागलं?

तिकीटवाला (नागपूर)
२२ वर्षं एजन्सी चालवतोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. क्रेडिट कुणालाही चालतं म्हटलं की आमच्यातलेच काही जण ती पडत्या भावात गोळा करतील आणि दिवाळीत विकतील. शिवाय माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वहिनींच्या क्रेडिटवर स्वतःचं तिकीट काढायला. वहिनींना पत्ताच नाही! नावाची अट होती म्हणून वाचलं.

खिडकीची_जागा
त्याला ओटीपी आहे की. आणि विकून विकणार काय? ६,८४०चं क्रेडिट म्हणजे आजच्या भावाने ६,८४०. जुनी स्वस्त सीट थोडीच मिळते?

तिकीटवाला
दादा, ओटीपी घरात कोण कोणाला देत नाही? वहिनींचा फोन त्या गृहस्थांच्याच हातात होता.

सेकंड_स्लीपर
रेल्वेचं कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करून घरच्यांच्या नावावर करता येतं. आईवडील, भाऊबहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको. भाचा त्यातही बसत नाही, बरं का!

कीस_काढू
तिकीटवाले, तुमची भीती मला पटत नाही. लॉकडाऊनमधल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. ज्या कंपन्यांना पैसे लगेच देणं जमणार नव्हतं त्यांना क्रेडिट शेलची मुभा मिळाली, पण ते प्रवाशाला कुणालाही देता येईल या अटीवर. अगदी ज्याच्याकडून तिकीट काढलं त्या एजंटलाही! वर दरमहा ०.५ टक्के, जुलै २०२०पासून ०.७५ टक्के वाढ. आणि एरवीही डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम असा की परतावा क्रेडिटमध्ये ठेवायचा की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. खिडकीवाले, तुम्ही तेव्हा काय निवडलंत?

खिडकीची_जागा
खरं सांगू? हॉस्पिटलच्या बाकावर बसून 'पुढे, पुढे' दाबत गेलो. एका हातात बाबांच्या एक्स-रेचं पाकीट.

तिकीटवाला
इथेच घोळ होतो सगळ्यांचा. तो निकाल त्या संकटापुरता होता, आज तो दाखवून काउंटरवर काही मिळणार नाही. पण परतावा मागायचा हे मीही गिऱ्हाइकांना सांगतो. कंपनीच बंद पडली तर क्रेडिटचं काय करणार? मे २०२३मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली तेव्हा माझा फोन दोन दिवस खाली ठेवता आला नव्हता.

सेकंड_स्लीपर
म्हणजे नाव बदलू नका, पैसे मात्र कंपनीकडे ठेवू नका. एजंटसाहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?

तिकीटवाला
कमिशनच्या. :)

खिडकीची_जागा
बायको म्हणते, तूच जा त्याच्यासोबत, क्रेडिट वसूल होईल. परतीचं भाडं बघितलं, ७,९०० रुपये. भाचा म्हणतो, "मामा, तू नको येऊस, राजधानीचं तिकीट काढून दे."