एग बेटावर कायमचे राहायला जावे का?

क्लाइडकाठ:

नमस्कार. आम्ही दोघे आणि आमची नऊ वर्षांची मुलगी असे आमचे कुटुंब आहे आणि गेली अकरा वर्षे आम्ही ग्लासगोत राहतो. मी एका छोट्या संस्थेचे हिशेब घरी बसून सांभाळते, तर माझे पती रुग्णालयातील यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करतात. येथे कायम राहण्याचा परवाना आम्हाला मिळाला आहे, त्यामुळे ती अडचण नाही. शहर सोडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एग या बेटावर राहायला जावे, हा विचार दोन वर्षांपासून आमच्या मनात घर करून आहे. आता एक तर तसे ठरवावे, नाही तर तो कायमचा बाजूला ठेवावा, अशा टप्प्यावर आम्ही आलो आहोत.

ज्यांना हे बेट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. मॅलेग बंदरातून बोट थेट निघाली तर साधारण सव्वा तासात एगला पोचते. बेट सुमारे नऊ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद आहे. पिढ्यानपिढ्या ते एकेका जमीनमालकाच्या ताब्यात असल्यामुळे राहत्या घराचा भाडेपट्टासुद्धा त्याच्या मर्जीवर चालत असे. रहिवाशांनी हायलंड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांना सोबत घेऊन एक न्यास उभा केला, जगभरातून देणग्या गोळा केल्या आणि 12 जून 1997 रोजी 15 लाख पौंडांना अख्खे बेट विकत घेतले. त्या वेळी तेथे सुमारे 65 माणसे होती, आज ती संख्या शंभराच्या पुढे गेली आहे.

मागचे दोन्ही जून महिने आम्ही तेथे दहा-दहा दिवस राहिलो. एका सकाळी मुलगी एकटी धक्क्याजवळच्या दुकानात जाऊन दूध घेऊन आली. वाटेत तिला चार माणसे भेटली, चौघांनी तिची विचारपूस केली आणि त्यातल्या दोघांना ती कोणाच्या घरी उतरली आहे हेही माहीत होते. ग्लासगोत आम्ही तिला इमारतीच्या दारापलीकडे एकटीला सोडत नाही. त्या दुधाच्या बाटलीपासून माझे मन तेथेच अडकले आहे.

मला मनापासून विचारायचे आहे की अशा ठिकाणी बारा महिने राहणे प्रत्यक्षात कसे असते, घर आणि जमीन कशी मिळते, वीज पुरते का, आणि मुलीच्या शिक्षणाचे काय होईल. ज्यांनी असे आयुष्य जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया हातचे काही न राखता लिहावे.

पाणवठा:

मी एगवर नव्हे, पण त्याच समूहातील शेजारच्या एका बेटावर ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने एका अतिथिगृहात काम केले आहे, त्यामुळे हिवाळ्यापुरते अधिकाराने सांगू शकते. तुम्ही जे बेट पाहिले ते जूनमधले आहे. तेव्हा रात्री दहा वाजताही बाहेर बसून वाचता येते. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेसात तासांचा असतो, आणि आभाळ भरलेले असले तर तेवढाही वाटत नाही. पाऊस आपल्या कोकणासारखा सरळ कोसळत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि दाराच्या फटीतून आत शिरतो. माझ्या खोलीतल्या उशीला फेब्रुवारीपर्यंत ओलसर वास येत होता.

हिवाळ्यात बोट रोज नसते आणि वादळ असले तर ठरलेली बोटही येत नाही. बोट नाही म्हणजे टपाल नाही, भाजी नाही, औषध नाही, आणि ज्याला परत जायचे आहे त्याला जाणेही नाही. तेथील माणसे याबद्दल तक्रार करत नाहीत, कारण त्यांच्या फडताळात तीन आठवड्यांचे पीठ, डाळी आणि दुधाची भुकटी कायम भरलेली असते. आपल्याकडे पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करत असत ना, अगदी तसे. तुम्हाला तांदूळ, तूरडाळ, मसाले हे सगळे मुख्य भूमीवरून मागवून घ्यावे लागेल. कोबी, बटाटा, केल असे पदार्थ मात्र तेथे छान पिकतात, आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली कोथिंबीर-मेथीसुद्धा येते. उन्हाळा रम्य असला तरी वारा पडला की मिज नावाची बारीक चावरी चिलटे अंगावर ढगासारखी येतात. तुम्ही जूनमध्ये गेला होता, म्हणजे त्यांची ओळख झालीच असेल.

डॉक्टर स्काय बेटावरून ठरलेल्या दिवशी येतात आणि जिवावर बेतले तर हेलिकॉप्टर बोलावतात. ज्या घरात कोणाला सतत उपचार लागतात त्या घराने हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीविषयी. प्राथमिक शाळा बेटावर आहे, पण पटावर अगदी मोजकी मुले असतात. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना मॅलेगला जावे लागते आणि आठवडाभर तेथील वसतिगृहात राहून शनिवार-रविवारी घरी यावे लागते. हवा बिघडली तर तेही चुकते. तुमची मुलगी आज नऊ वर्षांची आहे. म्हणजे तिला मोकळे बालपण मिळावे म्हणून तुम्ही जाल, आणि तीन वर्षांनी आठवड्यातले पाच दिवस ती तुमच्याजवळ नसेल. हा हिशेब तिच्यासमोर बसून करा, तिच्या मागे करू नका.

ताराखांब:

क्लाइडकाठताई, मी वीज वितरणाच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. माझी कन्या एडिंबऱ्याला असते. तिच्याकडे आलो असताना केवळ ही वीजव्यवस्था पाहण्यासाठी मी एगला गेलो होतो, म्हणून विजेच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

मुख्य भूमीवरून या बेटाला वीजवाहिनी नाही. पूर्वी प्रत्येक घर आपापले डिझेल जनित्र दिवसातून काही तास चालवत असे. फेब्रुवारी 2008 मध्ये बेटाने स्वतःची जोडणी सुरू केली. त्यात पाण्यावर चालणारी तीन जनित्रे आहेत, त्यांतले मोठे सुमारे 100 किलोवॅटचे आहे. त्याशिवाय 6 किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, सौर पट्ट्या, मोठा बॅटरीसंच आणि अगदीच गरज पडली तर डिझेल. हिवाळ्यात ओढे भरून वाहतात आणि वारा असतो, उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा सूर्य असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी ही रचना आहे, आणि वर्षभराच्या विजेपैकी सुमारे नऊ दशांश वीज डिझेलविना मिळते. तारा जमिनीखालून नेल्या आहेत, त्यामुळे वादळात खांब पडण्याची भीती नाही. आयुष्यभर पडलेले खांब उभे करण्यात गेलेल्या माणसाला ते पाहून काय वाटले असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

यातला गाभा म्हणजे मर्यादा. प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॅट, व्यवसायाला 10 किलोवॅट. आपल्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत. तेथे मात्र लहान मुलालाही तो आकडा पाठ आहे. महाराष्ट्रातल्या घराच्या मानाने 5 किलोवॅट कमी नाही. विलायतेतल्या घराच्या मानाने मात्र बरेच कमी आहे, कारण तेथे आंघोळीचे पाणी जागच्या जागी तापवणारा विजेचा शॉवर एकटाच साडेआठ-नऊ किलोवॅट ओढतो. म्हणजे तो शॉवर तुमच्या घरी बसणारच नाही. किटली लावली की तीनच्या आसपास गेले, कपडे धुण्याचे यंत्र पाणी तापवत असेल तर आणखी दोन, आणि तेवढ्यात कोणी इस्त्री लावली की पुरवठा बंद पडतो व तो पुन्हा सुरू करून घेण्यासाठी बेटावरच्या देखभाल करणाऱ्या माणसाला बोलवावे लागते. तो माणूस तुमचाच शेजारी असतो.

हे बंधन महिन्याच्या युनिटांवर नाही, क्षणाच्या भारावर आहे, हे नीट लक्षात घ्या. काटकसर म्हणजे अंधारात बसणे असा अनेकांचा समज असतो, पण येथे काटकसर म्हणजे कामे एकामागून एक करणे. मी ज्या घरी उतरलो होतो तेथल्या बाईंनी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी उठून धुण्याचे यंत्र थांबवले, किटली उकळल्यावर पुन्हा सुरू केले, आणि हे सारे बोलणे न तोडता केले. पाऊसही नाही आणि वाराही नाही असे दिवस आले की सर्वांना वापर कमी करण्याची सूचना मिळते, आणि लोक ती पाळतात. उलट जास्तीची वीज झाली तर ती सभागृहासारख्या सामाईक इमारती गरम ठेवायला वापरतात. घरे गरम करण्यासाठी मुख्यतः लाकूड जाळतात आणि स्वयंपाकाला बहुतेक ठिकाणी गॅस सिलिंडर असतो, तेव्हा ‘सगळे काही वाऱ्यावर आणि सूर्यावर’ अशी समजूत करून घेऊन जाऊ नका. तुमच्या यजमानांना यंत्रांची दुरुस्ती येते, ही मात्र तेथे पदवीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

गडनदी:

वरील दोन्ही प्रतिसाद फार मोलाचे आहेत. मी घर आणि जमीन याविषयी लिहिते. मी मुंबईची नोकरी सोडून सोळा वर्षांपूर्वी मालवणजवळ सासरच्या गावी परतले, आणि स्कॉटलंडमधील जमीनविषयक कायदे हा माझ्या अभ्यासाचा विषय होता.

एगवरची जवळजवळ सगळी जमीन न्यासाची आहे. त्यामुळे पैसे आहेत म्हणून हवा तो तुकडा घेतला, असे तेथे होत नाही. घर रिकामे झाले किंवा नवे बांधले तर ते भाड्याने दिले जाते, आणि रिकामे घर ही दुर्मीळ गोष्ट आहे. उत्तरेकडील क्लेडेलला क्रॉफ्ट आहेत, म्हणजे छोट्या शेतजमिनी. क्रॉफ्टचा हक्क समजून घ्यायचा असेल तर आपले कूळ डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिले. तिकडे 1886 च्या कायद्याने क्रॉफ्ट कसणाऱ्याला जमिनीवरून हुसकावण्यापासून संरक्षण, वाजवी खंड आणि वारसाहक्क मिळाला. त्या हक्काबरोबर कर्तव्येही येतात. क्रॉफ्ट घेणाऱ्याने त्यापासून 32 किलोमीटरच्या आत राहिले पाहिजे, जमीन कसली पाहिजे आणि तिची हेळसांड होऊ देता कामा नये. सुट्टीपुरते घर म्हणून क्रॉफ्ट घेता येत नाही.

हा कायदा इतका कडक का, याचे उत्तर एगवरच उभे आहे. स्गुर या 393 मीटर उंच कड्याच्या पायथ्याशी ग्रूलिन नावाची जागा आहे. मेंढ्यांच्या कुरणासाठी 1853 साली तेथील कुटुंबांना उठवण्यात आले, आणि त्यांच्या घरांचे दगडी चौथरे अजून गवतात दिसतात. पुढच्या वेळी गेलात तर त्या चौथऱ्यांपर्यंत चालत जा. ज्या बेटाने माणसे अशी गमावली, त्याला नवे येणारे कुटुंब म्हणजे काय वाटत असेल, ते तेथे उभे राहिल्यावर समजते.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते यापुढचे. तुमच्या प्रश्नात बेट तुम्हाला काय देईल हे सविस्तर आले आहे. तुम्ही बेटाला काय द्याल हे एका ओळीतही आलेले नाही. रागावू नका, मी गावी परतले तेव्हा माझेही असेच झाले होते. मला शांतता हवी होती, आणि गावाला मात्र पाणीयोजनेचे हिशेब लिहिणारे कोणी तरी हवे होते. पहिली दोन वर्षे मी ते टाळले आणि त्या दोन वर्षांत मी गावात पाहुणीच राहिले. शंभर माणसांच्या वस्तीत बोटीचा दोर धरणारा, शाळेच्या समितीवर बसणारा, म्हाताऱ्या शेजाऱ्याची लाकडे फोडून देणारा हा प्रत्येक वेळी कोणी तरी ठरावीक माणूस असतो, आणि त्याने हात काढून घेतला तर ती जागा रिकामी राहते. एगच्या वायव्येस भर समुद्रात सेंट किल्डा नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील शेवटच्या 36 रहिवाशांनी स्वतः विनंती करून 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट सोडले. त्यांना साधेपणाचा कंटाळा आला नव्हता. कामाचे हात इतके कमी झाले होते की वस्ती पुढे चालवणे शक्य राहिले नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की ग्लासगोतले घर आत्ताच सोडू नका. आधी एक पूर्ण हिवाळा भाड्याने राहून पाहा, आणि न्यासाला पत्र लिहाल तेव्हा ‘आम्हाला घर हवे आहे’ याआधी ‘आम्हाला ही ही कामे येतात’ असे लिहा.

क्लाइडकाठ:

तिघांचेही मनापासून आभार. गडनदीताई, राग मुळीच आला नाही. तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग यांना वाचून दाखवला.

काल रात्री आम्ही मुलीला शेजारी बसवून मॅलेगच्या वसतिगृहाविषयी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “वादळात बोट आली नाही तर मी शनिवारी कुठे राहायचे?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते तेथील पालकांनाच विचारायचे, असे ठरले आहे. जाण्याचा निर्णय आम्ही घेतलेला नाही. यांना जानेवारीत तीन आठवड्यांची रजा मिळते आहे, ती आम्ही एगवर काढणार आहोत. मुलीची शाळा बुडेल म्हणून मुख्याध्यापिकांची परवानगी मागितली आहे. ती मिळाली नाही तर आम्ही दोघे आळीपाळीने जाऊ.

ताराखांबकाका, एक शंका आहे. प्रेशर कुकर गॅसवर चालेल हे समजले, पण आमचा दगडी रगडा विजेवर फिरतो. तो तेथे चालवता येईल का?

ताराखांब:

अवश्य चालेल. घरगुती रगड्याचा भार दोन-तीनशे वॅटांच्या पुढे सहसा जात नाही. रगडा फिरत असताना किटलीही लावता येईल, फक्त धुण्याचे यंत्र तेवढा वेळ थांबवा. जानेवारीत पीठ आंबायला दोन दिवस लागतील, तेव्हा ते चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवा.