सूर्या नदीचं पाणी काशीदकोपरला आलं, आपल्या सोसायटीच्या टाकीत का नाही?

ए-302: आज पाणी 40 मिनिटं. परवाही तेवढंच. काल परत दोन टँकर मागवले, म्हणजे ते मेंटेनन्समध्ये येणार. 185 एमएलडी (रोज 18.5 कोटी लिटर) वाढीव पाणी आलं म्हणून पेढे वाटले होते ना ग्रुपवर? कुठे गेलं ते?

बी-101: खालच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा) बदलला का?

सी-503: सुप्रभात मंडळी 🙏 आज एकादशी.

ए-302: ताई, आधी पाण्याचं बोलू.

सी-503: मी तुम्हाला काही म्हटलं का दादा? शुभेच्छाही द्यायच्या नाहीत का आता?

सचिव: सर्वांना नम्र विनंती, विषय सोडू नये. टँकर दोन नाही, तीन आले. पावत्या बोर्डावर लावल्या आहेत.

बी-704: 185 म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सूर्या योजना 403 एमएलडीची. त्यात आपल्या वसई-विरारला 185, मीरा-भाईंदरला 218. कवडास बंधाऱ्यावरून पाणी उचलायचं, सूर्यानगरला शुद्ध करायचं, मेंढवण खिंडीच्या 1.7 किमी बोगद्यातून काशीदकोपरच्या टाकीत आणायचं. मीरा-भाईंदरचा वाटा पुढे तुंगारेश्वरच्या 4.45 किमी बोगद्यातून चेण्याच्या टाकीत. एमएमआरडीएची जबाबदारी त्या मोठ्या टाक्यांपर्यंतच आहे. तिथून आपल्या गल्लीपर्यंतच्या वाहिन्या, जलकुंभ, व्हॉल्व्ह हे सगळं शहराचं काम.

ए-302: काका, ते ठीक. पण नोव्हेंबर 2023 ला पाणी सुरू झालं. त्याला दिवस किती झाले?

बी-704: म्हणूनच सांगतोय. मोठी टाकी भरली म्हणून नळ वाहत नाही. जुन्या वाहिन्या जुन्या पुरवठ्याच्या मापाच्या. त्यांत एकदम दाब वाढवला तर जुने जोड सुटतात, म्हणून पाणी हळूहळूच सोडावं लागतं.

बी-101: खालच्या टाकीचा बॉल कॉक बदलला का? तिसऱ्यांदा विचारतोय.

खजिनदार: दुसऱ्यांदा.

डी-405: पार्किंगमध्ये रोज पाइप लावून गाड्या धुतात त्यांचंही बोला की. नाव घेत नाही.

ए-204: नाव घ्या ना. मी रविवारी एक बादली वापरतो. पाइप माझा नाही.

सचिव: 🙏 गाड्यांचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

डी-202: एक सांगते, राग मानू नका. सूर्या नदीवरचं धामणी धरण डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी बांधलं. आमच्याकडचे लोक कालव्याच्या पाण्याची वाट बघतात आणि आपण इथे 185 कमी पडतं म्हणतो. गळतीत जातं ते पाणीही तिथलंच.

ए-302: शेतकऱ्यांच्या विरोधात कोण आहे? पण पिण्याचं पाणी पहिलं ना.

डी-202: पिण्याचं पहिलं, मान्य. गाडी धुण्याचं पहिलं नाही.

ए-204: परत गाडी!

सी-601: डी-202 ताईंचा मुद्दा हिशेबातही खरा आहे. माणशी रोज 135 लिटर आणि 15 टक्के गळती धरली तर 185 एमएलडीत साधारण साडेअकरा लाख लोकांचं भागतं. गळती 30 टक्के झाली की साडेनऊ लाख. म्हणजे नवीन धरण न बांधता दोन लाख लोकांचं पाणी नुसत्या गळतीत आहे.

ए-302: मग दुरुस्तीला पैसे का मिळत नाहीत? अमृत या केंद्राच्या शहरी पाणी योजनेचे कोटी कोटी ऐकतो.

सी-601: अमृत 2.0 मध्ये 10 लाखांवरच्या शहराला केंद्राचा वाटा 25 टक्के, 1 ते 10 लाखांच्या शहराला एक तृतीयांश. 2011 च्या जनगणनेत आपण 12 लाखांवर, मीरा-भाईंदर 8 लाखांच्या घरात. योजना एक, धरण एक, आणि दोन शहरांना टक्केवारी वेगळी. केंद्राचे पैसेही 20, 40, 40 अशा तीन हप्त्यांत. पहिल्या हप्त्याचं वापर प्रमाणपत्र आणि त्रयस्थ संस्थेची तपासणी झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही. जलकुंभाची जागाच ताब्यात नसेल तर काम थांबतं, प्रमाणपत्र थांबतं, हप्ता थांबतो. प्रस्ताव पाठवण्याआधी जागेचा सातबारा हातात हवा.

बी-704: आणि टंचाईचं वाटप. 403 ऐवजी 200 च आलं तर? 185 ला 218 या प्रमाणात आपल्याला 92, त्यांना 108. हे आधी लेखी ठरलेलं हवं, नाहीतर काशीदकोपरचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो यावरून दर उन्हाळ्यात भांडण. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीत ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ठाणे जिल्हा परिषद भागीदार आहेत. उल्हासचं पाणी, एक शुद्धीकरण, एक देखभाल. शटडाऊन घेतला की चौघांनाही झळ, पण जबाबदार कोण ते माहीत असतं. सूर्यालाही अशी एक कंपनी पाहिजे.

ए-302: काका, हे सगळं पटलं. पण आपले 84 फ्लॅट. आज काय करायचं?

बी-704: 84 फ्लॅट, साडेचार माणसं, 135 लिटर. रोजचे 51,000 लिटर. आपली जोडणी 40 मिमी. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर मिळाला तर तासाला 6,800 लिटर. 51,000 ला साडेसात तास लागतात. 40 मिनिटांत येतात 4,500.

ए-302: बाप रे.

खजिनदार: म्हणजे पाच टँकरचं पाणी. मी कुठून आणू?

बी-101: म्हणून बॉल कॉक! वाल्व्ह अर्धा अडकला तर तो दीड मीटरचा वेग पाऊण होतो. आलेलं पाणीही पूर्ण घेत नाही आपण. पाणी चालू असताना मीटर 10 मिनिटं बघा. मग टाकीत उतरून बॉल कॉकचा तरंगता गोळा हाताने खाली धरा आणि परत 10 मिनिटं बघा. आकडा वाढला तर दोष आपला, नाही वाढला तर रस्त्यावरच्या दाबाचा.

सचिव: हे आधी सांगायचं ना!

बी-101: सकाळपासून सांगतोय साहेब.

सी-601: त्यासोबत पत्र द्या, तीनच प्रश्न. आपला झोन कोणत्या जलकुंभावर आहे, त्या जलकुंभात रोज किती एमएलडी येतं, आणि झोनच्या तोंडाशी मीटर आहे का. मीटर नसेल तर गळतीचा कोणताही आकडा अंदाजच.

डी-202: चौथा घाला ताई. गळती कमी झाल्यावर वाचलेलं पाणी कालव्याला मिळेल का?

ए-302: तो प्रश्न आपल्या पत्रात कशाला?

सी-601: घालू या. धरण एकच आहे.

सचिव: ठीक. मसुदा रात्रीपर्यंत टाका. प्लंबरला उद्या पाणी यायच्या वेळी बोलावलंय. ए विंगच्या कोणीतरी मीटरजवळ उभं राहावं.

ए-204: मी येतो. बादली घेऊन.

डी-405: 🙏