परीक्षण म्हणायचं की अहो रूपं अहो ध्वनी?

शेल्फवाली, नेरूळ:
कॉलेजची लायब्ररी सांभाळते. जूनमध्ये एका जर्नलमधलं परीक्षण वाचून ८९५ रुपयांचं समाजशास्त्राचं पुस्तक मागवलं. परीक्षणाचा शेवट असा, "छपाई सुबक, मुखपृष्ठ आकर्षक, प्रत्येक अभ्यासकाच्या संग्रही असावे." पुस्तक हातात आलं तर पान ६० वरचा उतारा पान ११२ वर जसाच्या तसा, तळटीप २३ नंतर डायरेक्ट ३१ आणि मागच्या सूचीतला एक पान नंबर जुळेल तर शपथ. मुखपृष्ठ तेवढं पाहिलेलं दिसतंय परीक्षकाने. चुका दाखवणारं कोणी लिहिणारच नसेल तर आम्ही बजेट कशाच्या भरवशावर खर्च करायचं?

दोन लोकल, कळवा:
ताई, बोलायला सोपंय. मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने पगारावर शिकवतो, सकाळी ठाणे दुपारी ऐरोली. ज्या सरांचं पुस्तक फाडायचं तेच उद्या माझ्या इंटरव्ह्यूला सब्जेक्ट एक्स्पर्ट म्हणून बसणार. आणि मिळतं काय? यूजीसीच्या २०१८ च्या प्राध्यापक भरती-बढतीच्या नियमांत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण, संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५, परीक्षणाला रकानाच नाही. फुकटचं वैर कोण घेईल?

घोडबंदरकर:
मी तर म्हणतो फाडूच नका. मराठीत विषयाची पुस्तकं येतात किती? एखादी पोरगी पदरचे पैसे घालून पीएचडीचं पुस्तक काढते आणि तुम्ही तळटिपा मोजत बसता. परखडपणाच्या नावाखाली जुने हिशेब चुकते करणारेही काही कमी नाहीत. वर मानहानीची केस ठोकली तर?

चरईचा म्हातारा:
ठोकलीय की. जोसेफ वायलर नावाच्या संपादकाच्या साइटवर कायद्याच्या एका पुस्तकावर टीका करणारं परीक्षण आलं, लेखिका पॅरिसच्या फौजदारी कोर्टात गेली. २०११ मध्ये ते निर्दोष सुटले, उलट तिलाच ८ हजार युरो भरायला लागले. आणि १८६७ साली निघालेल्या विविधज्ञानविस्तार मासिकात पुस्तकांची कसून परीक्षणं यायची, मराठीत पुस्तकं तर तेव्हा आजच्याहून कमी होती, घोडबंदरकर.

घोडबंदरकर:
काका, पॅरिसचं सोडा, आपल्याकडे निकालाआधी तारखाच माणसाला मारतात.

शेल्फवाली, नेरूळ:
त्या पोरीचा मुद्दा मला पटत नाही. पहिलंच पुस्तक असेल तर चूक आधी कळलेली बरी, दुसऱ्या आवृत्तीत सुधारता येते. आणि नुसतं कौतुकच करायचंय तर वर 'पुस्तक परिचय' छापा ना, परीक्षण कशाला म्हणता? मी त्या ८९५ वाल्यावर पान नंबरांसकट दोन पानं लिहून त्याच जर्नलला पाठवली, जे चांगलं वाटलं तेही लिहिलं, मुलाखतींचं प्रकरण खरंच मेहनतीचं आहे. उत्तर आलं, जागेअभावी छापता येत नाही. त्याच अंकात मागे दीड पान कोरं होतं.

दोन लोकल, कळवा:
ती दोन पानं मला पाठवा ताई. तेच पुस्तक एमएच्या पोरांना रेफरन्स म्हणून लावलंय आमच्याकडे. फक्त मी मागितली हे कुठे बोलू नका.