हातात काहीच नसतं तेव्हा तुम्ही कशाला धरून राहिलात?

काल रात्री खालून जड ट्रक गेला, ओट्यावरची भांडी किणकिणली आणि मी झोपेतच दाराशी. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी आम्ही लातुरात होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाट, आदल्या रात्रीच विसर्जन झालेलं. आमचं घर उभं राहिलं पण पुढे कित्येक आठवडे आत कुणी झोपलं नाही. रोज नवी आवई, आज मोठा येणार, अमुक वाजता येणार, आणि वेळ कळली की मोठी माणसं जरा निवांत व्हायची, तेवढ्यापुरतं जागायचं असं तरी ठरायचं. आई झोपण्याआधी दोन पेले एकावर एक उपडे रचायची, हादरा बसला तर वाजतील म्हणून. अंगणात झोपायचो आम्ही, डोक्यावर छप्पर नाही, तरी पेले रचल्याशिवाय तिला झोप नाही.
तुमचेही अनुभव लिहा.

रानजाई: बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप, भोंगा बंद, तरी हे पहिल्या पाळीला उठून दाढी करून नाक्यावर. पुढच्या महिन्यात मिटेल, हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. आईने खानावळ सुरू केली, पोळ्या लाटून मनगटं सुजायची. बाबांचं गिरणीतलं हजेरीचं तिकीट अजून माझ्या कपाटात आहे. आता पुढे लिहवत नाही.

सांजवारा: रानजाई, 🙏 तुमच्या आईंना नमस्कार.

पिंपळपान: धागाकर्ती, एम.ए.ला शिकलेलं आठवलं. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसादांनी आवया गोळा केल्या, हादरा बसला पण पडझड नाही अशा भागातल्या, आणि त्यात ‘याहून मोठं येणार’ हेच जास्त. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर म्हणतात भीती आधीच मनात बसलेली असते, माणूस तिला शोभेल असं कारण शोधतो. तुमचं लातूर तसंच की.

अबोली२२: लॉकडाऊनमध्ये मी कोथिंबिरीची एकेक काडी सोड्याच्या पाण्यात धुवायचे. कुकर लागलाय, नंतर लिहिते

सांजवारा: सोडा नको गं, मिठाचं पाणी घे

दूरदेशी: अमेरिकेत नोकरी गेली, एच-१बी व्हिसा, नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचो. रानजाई, तुमच्या बाबांची दाढी वाचून गळा दाटला.

माळरान: लातुरात कुठं राहायचात? माझं आजोळ औसा. आजी अजूनही दाराला आतून कडी घालू देत नाही.