जुनी एनए मियाटा घ्यावी की एनडी?

घाटरस्ता:
मुक्काम न्यू जर्सी. सुट्टीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्यांवर चालवायला माझदा मियाटा (दोन सीटची, कापडी छत उघडणारी गाडी) घ्यायची आहे. रोजची गाडी वेगळी आहे, त्यामुळे हिवाळ्यात ही गॅरेजमध्येच राहील. तेल, ब्रेक पॅड, कूलंट घरी बदलतो. इंजिन कधी उघडलेलं नाही. दोन गाड्या नजरेत आहेत: १९९१ ची १.६ लिटरची एनए (मियाटाची पहिली पिढी) आणि २०१६ ची एनडी (चौथी पिढी). चालवताना खरा फरक कुठे जाणवतो आणि कोणती कुठे दगा देते?

बी६_इंजिन:
आधी वजनाबद्दलचा गैरसमज. १९८९ ची जपानी १.६ एनए ९४० किलोची होती, २०१५ ची जपानी १.५ एनडी ९९० किलोची. मधल्या २६ वर्षांत एअरबॅगा आणि धडकेचे नियम किती वाढले ते पाहता हे ५० किलो म्हणजे काहीच नाही. लांबीला तर एनडी थोडी आखूडच आहे. अमेरिकेत मात्र एनडी फक्त २.० लिटरमध्ये मिळते, म्हणजे वजन आणखी थोडं जास्त.

फरक जाणवतो तो हातात. बिनपॉवरचा स्टिअरिंग रॅक असलेली एनए पार्किंगमध्ये जड लागते, पण वेगात रस्त्याची खडी तळहातापर्यंत पोचते. एनडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक. नेमकं आहे, पण तेवढं बोलत नाही. एनडी वळणावर कलतेही जास्त. माझदाने स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवल्या आहेत. २०२२ च्या मॉडेलपासून वळणाच्या आतलं मागचं चाक हलकंसं ब्रेक करून हा कल कमी केला आहे.

एनए बघायला जाताना टॉर्च आणि पाण्याची बाटली न्या. सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत, कापडी छताचं पाणी वाहून नेणारी भोकं असतात. प्रत्येकात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर भोक पानं-मातीने तुंबलंय आणि पाणी सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) साठतंय. सिल आतून कुजते. बाहेर रंगाला फुगे दिसतात तोवर आतला पत्रा गेलेला असतो. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून मागच्या चाकापुढचा सिलचा भाग बोटाने दाबून बघाच. इंजिनचं काम पैसे देऊन होतं. कुजलेल्या सिलचं वेल्डिंग गाडीच्या किमतीवर जाऊ शकतं.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळीच हवी. तपकिरी पडली असेल तर ती कधीही तडकेल, रेडिएटर बदलायच्या यादीत धरा. इंजिनच्या हेडच्या मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), कॅम अँगल सेन्सर असतो; कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. सेन्सरची ओ-रिंग (गोल रबरी सील) कडक झाली की तेल खालच्या हीटरच्या होजांवर ठिबकतं. रिंग चिल्लर किमतीची, पण दुर्लक्ष केलं तर होज फुगतात.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) ६०,००० मैलांना बदलायचा. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. बेल्टसोबत वॉटर पंप, दोन्ही कॅम सील आणि क्रँक सील बदललेत का, ते बिलावर बघा.

सहावा_गिअर:
एनडीची बाजू. २०१६ ची असेल तर सगळं लक्ष गिअरबॉक्सवर ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांत गिअरबॉक्स निकामी झाल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या आणि माझदाने आतले भाग पुढे अनेकदा सुधारले. चालवताना दुसरा आणि तिसरा गिअर तेल थंड असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा टाकून बघा. करकर किंवा घरघर आली तर सोडून द्या. पॉवरट्रेनची ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी २०१६ च्या गाडीवर आता उरलेली नाही. चासी नंबर देऊन डीलरकडून गिअरबॉक्स बदलल्याची नोंद मागवा. बदललेला असेल तर उलट चांगलंच.

जमलं तर २०१९ किंवा नंतरची बघा. १५५ ऐवजी १८१ अश्वशक्ती, रेडलाइन (इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) ६,८०० वरून ७,५०० आरपीएम, आणि स्टिअरिंग मागेपुढे सरकतं. उंच माणसाला हे शेवटचं सर्वांत मोलाचं. त्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं, धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) आहे, म्हणजे क्लचच्या कामाला खर्च जास्त येईल.

हायवेवरचा फरकही लक्षात घ्या. एनएला फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं, चाकांआधीचं शेवटचं गिअर गुणोत्तर) ४.३, म्हणून ताशी १०० किमीला पाचव्या गिअरमध्ये इंजिन ३,२०० च्या आसपास फिरतं. एनडीचा सहावा गिअर थेट १:१ आणि फायनल २.८६६, त्यामुळे तिथे साधारण २,५०० आरपीएम. डोंगरापर्यंत दोन तास हायवे असेल तर छत लावूनही एनएमध्ये कान थकतात.

घाटरस्ता:
आभार दोघांचेही. काल एनए पाहिली. पाणी दोन्हीकडून व्यवस्थित खाली आलं, सिल टणक. पण क्रँक पुलीवर चारच खाचा आहेत. हे वाईट का?

बी६_इंजिन:
चार खाचा म्हणजे आखूड नाकाचा क्रँक, म्हणजे पुली बसते ते क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड. साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत हाच येतो; आठ खाचा असत्या तर लांब नाकाचा. दोष असा: बेल्ट बदलताना पुढचा मोठा बोल्ट नीट आवळला नाही, तर टायमिंग गिअर क्रँकवर सूक्ष्म हलत राहतो, चावी (गिअर क्रँकवर पक्का धरणारा छोटा धातूचा तुकडा) आणि तिची खाच झिजते, कॅम मागे पडतात आणि गाडीची ताकद जाते. आखूड नाक म्हणजे गाडी बाद, असं मात्र नाही. लाखभर मैल धड चाललेले असे क्रँक भरपूर आहेत.

तपासा असं. इंजिन आयडलवर ठेवून पुली समोरून बघा. कडा डोलताना दिसली तर संशय घ्या. पण कधी कधी पुलीचं रबर सुटल्यानेही ती डोलते, म्हणून मधल्या बोल्टच्या डोक्याकडे बघा. बोल्टही डोलत असेल तर गाडी सोडा. मग इंजिन गरम करून डायग्नोसिसच्या डबीत टेन (TEN) आणि जीएनडी (GND) ही टोकं वायरने जोडा आणि पुलीवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारा. पुलीवरची खूण १० अंशांवर हवी. ती तिथे आणायला कॅम सेन्सर पार टोकापर्यंत फिरवलेला असेल तर कोणीतरी झीज झाकली आहे.

दोन्ही परीक्षा पास झाल्या तर घ्या, आणि बेल्टच्या पुढच्या कामात चावी आणि बोल्ट नवे टाका. आखूड नाकाला टॉर्क ८० ते ८७ फूट-पाउंड, म्हणजे १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. लांब नाकाचा आकडा ११६ ते १२३ फूट-पाउंड आहे. तो इथे चुकूनही वापरू नका. इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, टॉर्क रेंचच हवा.

सहावा_गिअर:
सुट्या भागांची काळजी करू नका. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये एनएसाठी रिस्टोरेशन सेवा सुरू केली, तेव्हा कापडी छत आणि १८५/६०आर१४ मापाचे मूळ वळणाचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. सिल टणक असेल आणि बोल्ट डोलत नसेल, तर तुमच्या वापराला मीही एनएच म्हणेन. फक्त १९९१ च्या अमेरिकन गाडीत एअरबॅग एकच, ड्रायव्हरकडची. शेजारी नेहमी कोणी बसणार असेल तर २०१९ ची एनडी.