छपाईत पँटोनच्या (नंबरने ठरलेल्या शेडच्या) उरलेल्या शाईचे डबे साठू नयेत म्हणून काय करता?

कार्टनवाला:
20×30 इंची चार कलर शीटफेड (सुटे कागद छापणारी) ऑफसेट मशीन, कामं बहुतेक कार्टनची. स्पेशल कलरची (पँटोन नंबरप्रमाणे मिसळून केलेली) शाई दर जॉबला पाऊण-एक किलो उरते. कपाटात डब्यांची थप्पी लागली आहे, निम्म्यांवर साय धरली आहे. काळ्या शाईत मिसळून टाका असं सगळे सांगतात, पण किती? आणि मुळात कमी उरावी म्हणून काय करता येईल?

रोलरमास्तर:
अंदाजाने घोटली (मिसळून तयार केली) की उरणारच. आधी हिशेब करा. 20×30 इंची शीट म्हणजे 0.387 चौ.मी. 5000 शीट, त्या रंगाचं कव्हरेज (शीटचा छापला जाणारा भाग) 30 टक्के: साधारण 580 चौ.मी. आर्ट कार्डवर सॉलिडला (पूर्ण भरीव रंगाला) चौ.मी.ला दीड ग्रॅम धरा, म्हणजे 870 ग्रॅम. डक्ट (मशीनमधली शाईची कुंडी) आणि रोलर भरायला 400 वाढवा. सव्वा किलोच्या आसपास घोटायची, अडीच नाही. अनकोटेड बोर्ड जास्त पितो, तिथे दोन ग्रॅमच्या पुढे धरा.

खरी गळती त्या 400 ग्रॅममध्ये आहे. रंग शीटच्या मधल्या 12 इंचांतच असेल तर डक्टमध्ये पार्टिशन लावा, कडेच्या कीज (शाई कमी-जास्त करणारे स्क्रू) बंद ठेवा. शेवटच्या पाचशे शीटना नवीन शाई न टाकता चाकूने मधे ओढत राहा. मात्र दर शंभर शीटला डेन्सिटी (छापलेल्या रंगाचा गडदपणा) बघा, डक्ट रिकामा होत आला की कडेचा रंग आधी पडतो.

शेडवाला:
काळ्याबद्दल: 5 टक्क्यांपर्यंत, तेही फक्त मजकुराच्या कामाला. चार कलरच्या काळ्यात अजिबात नको, ग्रे बॅलन्स (चार रंगांचा तोल) जातो. यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणारी), मेटॅलिक, फ्लोरोसंट यांना हातच लावू नका. यूव्ही शाई साध्या शाईत मिसळली तर ती धड वाळतच नाही.

त्यापेक्षा उरलेली शाई पुढच्या शेडचा घटक म्हणून वापरा. फिकट शेड करायची असेल तर ट्रान्सपरंट व्हाइटमध्ये (शाई फिकट करायच्या पारदर्शक बेसमध्ये) गडद शाई थोडी थोडी टाकत जा. उलट गडद शाईत व्हाइट ओतत बसलात तर एका डब्याचे तीन डबे होतात. आधी 100 ग्रॅमचा नमुना 0.1 ग्रॅमच्या काट्यावर करा, त्याच बोर्डवर ड्रॉडाउन (शाईचा पातळ नमुना पट्टा) काढा आणि वाळल्यावरच शेड मिळवा.

डब्यावर पँटोन नंबर, वजन, तारीख आणि शाईची सीरिज लिहा. शिवाय आत कोणते बेस (मूळ रंगाच्या शाया) आहेत तेही लिहा. ऱ्होडामाइन किंवा रिफ्लेक्स ब्लू असलेली शाई साबणाच्या कार्टनला गेली तर अल्कलीने रंग उतरतो, आणि अख्खा लॉट परत येतो.

कार्टनवाला:
वॉश-अपच्या (रोलर धुण्याच्या) वेळी रोलरवरून निघालेली शाई परत डब्यात टाकावी का? आणि साय धरलेल्या डब्यांचं काय?

रोलरमास्तर:
रोलरवरच्या शाईत डॅम्पिंगचं (छपाईची प्लेट ओली ठेवणारं) पाणी मुरलेलं असतं, ती परत टाकू नका. डक्टमधली स्वच्छ असेल तर चालेल. डब्यात शाई सपाट करा, मधे खड्डा ठेवू नका. वर बटर पेपर हवा न राहता दाबून बसवा किंवा अँटी-स्किन स्प्रे मारा. वर पाणी ओतून ठेवणं थांबवा, ढवळताना ते शाईत जातं. साय धरली असेल तर कडेने कापून अख्खी उचला. ढवळून मोडलीत तर तिचे कण ब्लँकेटवर (कागदावर शाई उतरवणाऱ्या रबरी पत्र्यावर) बसतात आणि सॉलिडमध्ये हिकी (गोल डाग) येतात.